नागपंचमीचा उकडलेला बेडूक

नागपंचमीच्या सकाळी ठाण्याच्या आमच्या परसात, विहिरीच्या कडेला, एका दिवडाने, बिनविषारी पाणसापाने, बेडूक धरला. मागचा पाय तोंडात, बाकी सगळा बेडूक बाहेर, आणि ओरडणं असं की टेंभी नाक्यापर्यंत ऐकू जावं.

घरात बाबा तापाने अंथरुणाला खिळलेले. कित्येक दिवस पोटात अन्नाचं शीत नव्हतं. वैद्यबुवांनी बजावलेलं, आज काही पोटात गेलं नाही तर कठीण आहे. मी लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी आलेली. पेजेची वाटी घेऊन उशाशी बसले. बाबांनी तोंड फिरवलं. "आधी त्याला सोडवा. तो असा ओरडतोय तोवर माझ्या घशाखाली काही उतरायचं नाही."

मी काठी घेऊन निघाले, तर दारात आत्या आडवी. तिने भावासाठी कालपासून उपास धरलेला, नागोबाला साकडं घातलेलं. "खबरदार! आजच्या दिवशी देवाच्या तोंडचा घास काढतेस? माझा भाऊ बरा व्हायचाय!"

"अगं आत्या, हा नाग नाही, दिवड आहे!"

"आज सगळे नागोबाच."

"मग श्रावणात बेडूक कसला खातो मेला?"

काका चार बुकं शिकलेले. ते म्हणाले, "सृष्टीचा क्रम आहे हा. आपण मध्ये पडू नये." माझं डोकंच फिरलं. "मग बाबांचा ताप हाही सृष्टीचाच क्रम! काढा कशाला उकळताय?"

काका वरमले, आणि वरमले की ते शास्त्र काढत. यज्ञात पशूऐवजी पिठाचा पशू चालतो, मग नागोबाला पिठाचा बेडूक का नको? तो द्यायचा, खरा सोडवून घ्यायचा. आत्याला हे एकदम पटलं. पण पंचमीला तळण नाही, तवा नाही. म्हणजे बेडूक उकडायला हवा. दिंडांची कणीक आणि पुरण तयारच होतं. मी अंग वळलं, आत्याने पुरण भरून मिऱ्यांचे डोळे लावले. "मागचे पाय लांब करा," काका म्हणाले, "देवाला ओळखू यायला हवा." मग तिघंही चूल फुंकत बसलो. बाहेरचं ओरडणं बारीक होत चाललेलं. मी झाकणाला हात घातला की आत्या रडकुंडीला येऊन ओरडे, "उघडू नकोस गं, कच्चा राहील!"

वाफाळता बेडूक केळीच्या पानावर घेऊन आम्ही विहिरीपाशी गेलो. दिवड जागचा हलत नव्हता. तोंड मिटलेलं, मानेखाली भलामोठा फुगवटा. काकांनी तरीही पान पुढे सरकवलं. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मला हसू फुटलं. आत्या मात्र पांढरीफटक पडली.

आतून बाबांची हाक आली. "ओरडणं थांबलं का रे? सुटला?"

आत्या एरवीही खोटं बोलत नसे, उपासाच्या दिवशी तर नाहीच. तिने पान उचललं आणि आत जाऊन भावाच्या उशाशी बसली.

"सुटला रे. टुणकन उडी मारून विहिरीत गेला. मी पाहिला ना."

बाबांचा चेहरा उजळला. तिने बेडकाचा पाय मोडून त्यांच्या तोंडात घातला.

"गोड आहे गं," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या पायासाठी त्यांनी आ केला.