सक्रिय सभासदाचा खड्डा

आमच्या गल्लीचा बोअर आटला आणि मी समाजकार्याला लागलो.

पैठण रस्त्याकडची नवी वसाहत होती. वर्षं दुष्काळाची, पण शहराला त्याचं काही नव्हतं. ते बिडकीनच्या दिशेनं सुटलंच होतं. आज ज्वारीचं रान, उद्या चुन्याच्या रेघा, परवा प्लॉटची पाटी. नळ तेवढा जुन्या शहरातच राहून गेला. अख्खी गल्ली एका बोअरवर जगायची आणि तो आता नुसती हवा ओकत होता. समोरच्या काकूंनी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकून इथं घर बांधलं होतं. गुडघे गेलेले, तरी टँकर आला की कळशी घेऊन त्याच पुढं. एक दिवस त्यांच्या फाटकावर ‘घर विकणे आहे’ अशी पाटी दिसली. विचारायला गेलो तर त्यांनी मलाच धरलं.

“तुमी इंजिनेर ना? मग बोअरचं करा की कायतरी. येत्या पावसात पाणी नाय आलं तर मी चालले गावाकडं. लई झालं.”

उपाय अवघड नव्हता. छतांवरचं पाणी पाइपानं बोअरशेजारच्या खड्ड्यात आणायचं आणि दगडगोटे, वाळूतून खाली मुरू द्यायचं. खर्च मात्र गल्लीच्या आवाक्याबाहेरचा. तेव्हा मला आमची इंजिनीअरांची संघटना आठवली. तिचा मी वर्गणीपुरता सभासद होतो.

अध्यक्षांनी ऐकून घेतलं. “खड्डा होऊन जाईल हो. लेकिन पहले आप जरा सक्रिय बनो.”

सक्रिय म्हणजे खुर्च्या मांडणारा, हे मला हळूहळू कळलं. माइकवाल्याच्या विनवण्या करणारा, आणि पाहुण्याला यायला उशीर झाला की श्रोत्यांना दाराशी अडवून धरणारा. संघटना बांधकामवाल्यांची, पण तिथं बांधले जायचे ते सत्कार. नव्या सभासदाचा सत्कार, जुन्याचा सत्कार, सत्कार करायला आलेल्याचा सत्कार. शाली फिरून पुन्हा कपाटात यायच्या. मी त्यांना डागांवरून ओळखायला लागलो होतो. पाहुणा फार मोठा असला तरच औरंगपुऱ्याच्या बाजारातून नवी शाल. बायको म्हणायची, “भाजा लष्कराच्या भाकऱ्या. इथं कणीक मळायला पाणी नाही.”

उन्हाळा संपता संपता खड्डा मंजूर झाला. प्रायोजक आमच्यातलेच एक. गच्च्यांची गळती थांबवण्याचा त्यांचा धंदा. उद्घाटनाला मोठे साहेब येणार म्हणून मला शाल आणायला पिटाळलं आणि खड्ड्याचं काम प्रायोजकांच्या माणसांवर सोडलं. मी औरंगपुऱ्यात मरून की हिरवी यावर दुकानदाराशी हुज्जत घालत बसलो.

उद्घाटनाच्या दिवशी खड्डा नवरीसारखा सजला होता. काठाला निळ्या फरशा, भोवती रांगोळी. दगडगोटे नव्हते, कारण ते फोटोत बरे दिसत नाहीत असं कार्यकारिणीचं मत पडलं. पावसाचा पत्ता नव्हता, म्हणून प्रात्यक्षिकासाठी टँकर मागवला. आमच्या गल्लीनं हात जोडूनही आठवडा आठवडा न येणारा टँकर संघटनेच्या एका फोनवर हजर झाला आणि सगळ्यांदेखत खड्ड्यात रिकामा झाला.

पाणी हललं नाही. सगळे वाकून बघत राहिले, पाणी तसंच.

“तळाला काँक्रीट घातलंय,” प्रायोजक छाती फुगवून म्हणाले, “वरून गळतीविरोधी थराचे तीन हात. एक थेंब खाली जाणार नाही. गॅरंटी!”

मांडवभर इंजिनीअरांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, याला म्हणतात दर्जा. माझ्या हातात नारळ होता, म्हणून माझ्या टाळ्या तेवढ्या वाचल्या.

गाड्या गेल्यावर गल्लीतल्या बाया कळशा घेऊन आल्या. काकू म्हणाल्या, “हौद झ्याक बांधला. पर तुमी तर पाणी मुरवनार व्हता ना?”

मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त संताप आला. अध्यक्षांकडं गेलो. ते म्हणाले, “आता उद्घाटन झालंय. हात लावला तर प्रायोजक नाराज होतील. पुढच्या वर्षी दुसरा बघू.”

काकूंकडं पुढचं वर्ष नव्हतं. रविवारी सकाळी मी शेजाऱ्याची पहार घेऊन खड्ड्यात उतरलो. मागून गल्ली उतरली. भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आम्ही तळ फोडला, दगडगोटे आणि वाळू भरली, छतांचे पाइप जोडले. संघटनेला पत्ता लागला नाही, कारण फोटो निघाल्यावर त्या खड्ड्याकडं कोणी फिरकलंच नव्हतं.

पाऊस बेताचाच झाला. तरी दिवाळीच्या आधी मोटर चालू केली तेव्हा पाइप खोकला, मग गढूळ पाणी आलं, मग निवळ. काकूंनी फाटकावरची पाटी काढून पिंपावर झाकण म्हणून ठेवली.

वर्धापनदिनाला अध्यक्ष नव्या पाहुण्याला ‘प्रकल्प’ दाखवायला घेऊन आले आणि निळ्या फरशांच्या आत दगडगोटे बघून तळ फोडल्याचं त्यांच्या लक्षात आलं. तातडीची बैठक बसली. अज्ञात समाजकंटकांचा जाहीर निषेध करायचं ठरलं आणि मसुदा लिहायचं काम अर्थातच सक्रिय सभासदाकडं आलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. इथं चोराला बोंब शुद्ध भाषेत लिहून द्यायची होती. मी जीव ओतून लिहिलं. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि परखड मसुद्याबद्दल त्याच बैठकीत माझा सत्कार झाला. शाल मरून होती, मीच आणलेली.

ती पांघरून, नारळ हातात घेऊन गल्लीत शिरलो. काकू बोअरपाशी पाणी भरत होत्या.

“कशापायी म्हनं सत्कार?”

“खड्डा फोडणाऱ्याचा निषेध केला म्हणून.”

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “अन् फोडनाऱ्याचा कवा करनार?”

त्यांनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला आणि बोअरच्या पाण्यानं भरलेला तांब्या दिला. मी उभ्या उभ्या सगळा प्यालो.