बाराखांबीतला कंडक्टर

एसटीतून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांचं बोलणंच कमी झालं. उभा जन्म कंडक्टर म्हणून ओरडण्यात गेलेला. आता बीडच्या दोन खोल्यांत ओरडणार कुणावर? म्हणून गेल्या हिवाळ्यात अंबाजोगाईच्या जुन्या नगराची सहल निघाली, तेव्हा माझ्याबरोबर ह्यांचंही नाव देऊन टाकलं.

"पडकी दगडं बघायला कशापायी जायचं?" हे म्हणाले. पण आले.

माहिती सांगणारी मुलगी इतिहास शिकणारी, चुणचुणीत. बाराखांबीच्या भग्न देवळापाशी सगळे जमले, तिनं तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. आदल्या दिवशी बहिणीच्या हळदीत गाणी म्हणून घसा पार बसला होता. पुढच्या रांगेलाही ऐकू जाईना. बिचारी रडकुंडीला आली.

हे मागं सावलीत उभे होते. सरळ तिच्यापाशी गेले. "बाळा, तू माझ्या कानात सांग. पुढचं मी बघतो."

ती कुजबुजली आणि ह्यांचा आवाज निघाला. "हे देऊळ यादवांच्या काळातलं हाय! पुढं सरका, मागच्यांना दिसू द्या!"

माणसं मुकाट पुढं सरकली. मातीखालून निघालेले पाये, कोरीव खांब, सगळं ह्यांनी दणक्यात सांगितलं. मग आरसा धरलेल्या एका मूर्तीपाशी थांबले. "ही बाई आरशात बघायलीय. गाडी सुटायची येळ झाली तरी हिचं आवरंना!"

सगळे हसले. मुलीनं ह्यांची बाही ओढली. "काका, असं मी नाही म्हटलं."

"शेवटचं माझं होतं!" ह्यांनी तितक्याच मोठ्यानं जाहीर केलं.

हत्तीखान्यात तर रंगच चढला. खडक कोरून काढलेला प्रशस्त मंडप, अंगणात झिजलेले दगडी हत्ती, आणि त्या खांबांतून घुमणारा ह्यांचा आवाज. मी एका पायरीवर बसून ऐकत राहिले. किती महिन्यांनी तो कानावर पडत होता! घरात हाच आवाज मला नको व्हायचा, तिथं मात्र थांबू नये असं वाटलं.

निघताना मुलीनं चहा पाजला. म्हणाली, "काका, पुढच्या रविवारी परत लोक येणारेत. याल का?"

"घरी इचारून सांगतो," हे म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला विचारून हे कधी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतही गेले नव्हते.

"जावा की," मी म्हटलं.

रविवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून पहाटेच स्टँडवर गेले. मी नेकनूरला बहिणीकडं गेले आणि दुपारभर निवांत झोपले.