दवाखान्याचा सदरा

"डॉक्टर नाडी मागून बघतो, आधी सदरा बघतो," असं म्हणत अप्पा अंगठी काढायचे, घड्याळ काढायचे आणि कॉलर विरलेला एक सदरा अंगात चढवायचे. उदगीरच्या भर बाजारात कापडाचं दुकान असलेला हा माणूस दवाखान्यात निघाला की ओळखू यायचा नाही. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान समोरच, त्यामुळे हे सोंग मला फुकटात बघायला मिळे.

त्या सदऱ्याची ख्याती गल्लीभर होती. कुणाला ताप आला की आधी अप्पांकडून सदरा मागून आणायचा, मग दवाखाना. एक रिटायर हेडमास्तर तो घालून गेले, तर डॉक्टरांनी फी माफ करून वर गोळ्या हातावर ठेवल्या. हेडमास्तरांना आनंद झाला की अपमान, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

त्या साली दुष्काळ असा की नळ नावाला उरले होते, आणि गावात चर्चा मात्र नव्या जिल्ह्याची. उदगीर जिल्हा झाला की मोठं सरकारी रुग्णालय येणार, हार्टचा डॉक्टर येणार. पाण्याचा टँकर येईना, पण डॉक्टर जणू निघालेलाच होता. तोवर छातीत दुखलं तर लातूर गाठायचं, एवढीच सोय.

लातूरला क्लासमध्ये शिकवणाऱ्या लेकीनं अप्पांचा विमा उतरवला. आपण नुसतं कार्ड दाखवायचं, बिल कंपनी भरणार. अप्पांना ते पटेना. कंपनी भरणार म्हटल्यावर दवाखाना हात आखडता कशाला घेईल, असं त्यांचं म्हणणं. "अन् कंपनी कुणाच्या खिशातून देती? फुडल्या साली हप्ता वाढवून आपल्याकडूनच घेती." हे सगळं सुधारलं पाहिजे, असं आम्ही रोज चहा पीत ठरवायचो. चहा अप्पांचाच असायचा.

एका दुपारी कापड मोजता मोजता ते छाती धरून खाली बसले. अंग घामानं निथळत होतं. मी लेकीला फोन करून जीप बोलावली, तर म्हणाले, "थांब, सदरा बदलतो. पोरीचा हप्ता वाढायला नगं." गल्लीतल्या कुणालाच यात वावगं वाटलं नाही, इतके आम्ही शहाणे.

लातूरच्या दवाखान्यात काउंटरवरच्या माणसानं जीपमध्ये डोकावून कॉलर पाहिली आणि खाट शिल्लक नाही, सरकारीत न्या म्हणाला. विमा आहे म्हणून मी घसा फोडला. त्यानं कार्ड मागितलं. कार्ड चांगल्या सदऱ्याच्या खिशात आणि तो सदरा उदगीरला. अप्पा पडल्या पडल्या मलाच समजावत होते, "भांडू नको. लेक यायलीय."

लेक धावत आली. तिनं मोबाइलवरचं कार्ड काउंटरवर धरलं, तसा तो माणूस चटकन उभा राहिला. "ताई, आधी सांगायचं ना," तो गोड आवाजात म्हणाला, आणि खाट नसलेल्या दवाखान्यात एसीची खोली निघाली.

आम्ही जीपकडे पळालो. अप्पांचा हात गार पडला होता. मला इतका संताप आला की रडूसुद्धा येईना.

मागून वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. पेशंट कुठं आहे म्हणून त्यानं अदबीनं विचारलं. स्ट्रेचरवर धुतलेली पांढरी चादर होती. लेकीनं ती ओढून घेतली आणि बापावर घातली, आधी गळ्यापर्यंत. मग तोंडावरून.