पार्टिशन लहान करणारा

आखाडा बाळापुरात लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात मी त्याला एकदाच पाहिले. दुकानदाराला संगणकावर विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी प्रणाली हवी होती, ती बसवायला हा तंत्रज्ञ परगावहून आला होता. हंगामातल्या साऱ्या पत्रिका त्या एकाच डिस्कवर होत्या आणि यूपीएस बिघडलेला होता. लिनक्सला जागा करायला विंडोजचे पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा कप्पा, लहान करताना वीज जाऊन संगणक बंद पडला असता, तर त्या सगळ्या गेल्या असत्या.

शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की दुकानातला दिवा मंदावे. ते पाहून त्याने माऊसवरचा हात काढला आणि तो गिरणीवालीकडे गेला.

"मावशी, घडीभर गिरणी थांबवता का? काँप्युटरमधली भिंत सरकवून राहिलो."

"काहून? पडती का काय?"

"पडली तर गावातली लग्नं अडकतील."

मावशींनी हसत गिरणी थांबवली, तशा दळणाला आलेल्या बायका दुकानाच्या दारात जमल्या. पडद्यावरची पट्टी सावकाश भरत होती. तो दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता.

"माझ्या पोरीची पत्रिका न्हाई ना गेली?" एकीने विचारले.

पट्टी भरताच त्याने पोरीचे नाव विचारून आधी तीच पत्रिका उघडली. बाईंनी जवळ येऊन पाहिले.

"नवरदेवाचं नाव मोठं हाय. पोरीचंबी बराबर करा."

दुकानदाराला न विचारता त्याने पोरीचे नाव तेवढेच मोठे केले.