कॉलेजातल्या शाळेच्या सुनीताताई

बातमी इराने कळवली. ऑफिसच्या वेळेत ती कधी फोन करत नाही, म्हणून मीटिंग सोडून बाहेर आलो. "बाबा, सुनीता गेली," एवढंच म्हणाली. त्यांच्या शाळेत मुलं शिक्षकांना नावानेच हाक मारतात. पण त्या दिवशी ते एकेरी नाव कानाला खुपलं. सुनीताताई आजारी आहेत हे ठाऊक होतं. किती आजारी आहेत, हे त्यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं... त्या गेल्याला आता दीड महिना झाला.

सुनीताताई मूळच्या नागपूरच्या, गणित शिकवायच्या. इथे परदेशात, आमच्या क्रेगीबर्न उपनगरापासून थोड्या अंतरावर एका कम्युनिटी कॉलेजच्या आवारात, हेअरड्रेसिंगच्या वर्गांच्या वरच्या मजल्यावर, त्या एक छोटं हायस्कूल चालवत. नेहमीच्या शाळेत जाणं ज्यांना अशक्य होऊन बसतं, अशी पंधराएक मुलं तिथे अकरावी-बारावी करतात. युनिफॉर्म नाही, घंटा नाही. माझी मुलगी इरा त्यांतलीच होती. दहावीत असताना शाळेचं गेट दिसलं की तिचा श्वास अडकायचा, हात बधिर व्हायचे. एक अख्खी टर्म ती घरीच होती. माझ्या बायकोने, मेधाने, ही जागा शोधली, तेव्हा मी विरोधच केला. वाया गेलेल्या मुलांची शाळा, असं माझं मत होतं, आणि ते मी इरासमोर बोललोही होतो.

पहिल्या दिवशी कार पार्कमध्ये इरा सीट बेल्टच काढेना. "आय कान्ट, बाबा." मी घड्याळ बघत होतो, आवाज चढत होता. तेवढ्यात ताई खाली आल्या, विचारून मागच्या सीटवर बसल्या आणि पेपर तपासायला लागल्या. अर्धा तास त्या पेपरच तपासत राहिल्या. मग त्या मराठीत म्हणाल्या, "मला वर जायचंय. गठ्ठा जड आहे, अर्धा घेशील का?" इरा उतरली.

पुण्यात आबांना, माझ्या वडिलांना, मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी इराला शाळेचं विचारलं. ती तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, मस्त चाललंय, त्याच शाळेत आहे, यंदा प्रीफेक्ट, म्हणजे विद्यार्थी-प्रतिनिधी होईल. इराने माझ्याकडे पाहिलं आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी तिला कॉलेजच्या गेटवर सोडलं. दहाला ताईंचा फोन... इरा वर आलीच नाही. तिचा मोबाइल बंद. मेधा हॉस्पिटलात शिफ्टवर. मी पोचलो तोवर ताईंनी पोलिसांना कळवलं होतं. ताईंनी मला विचारलं, काल घरी काय झालं? मी म्हणालो, काही नाही. त्यांनी त्याच आवाजात पुन्हा विचारलं, तेव्हा सगळं सांगावं लागलं. त्यांनी गाडीची किल्ली उचलली. "जुनी शाळा कुठे आहे?"

गाडी त्याच चालवत होत्या. मी एकसारखा फोन लावत होतो, नको ते डोळ्यांसमोर येत होतं. जुन्या शाळेच्या गेटसमोर, रस्त्याच्या अलीकडच्या बसस्टॉपवर इरा बसलेली दिसली. अंगात जुना ब्लेझर, बाह्या आखूड झालेल्या. बॅगेत लपवून आणला होता. मी दार उघडणार, तोच ताईंनी मला बसून राहायला सांगितलं आणि एकट्याच गेल्या. मी काचेतून बघत राहिलो. त्या तिच्या शेजारी बसल्या. बस येत होत्या, जात होत्या. फार वेळाने इराने स्वतःच ब्लेझर काढला.

परतताना ती मागे झोपली, तेव्हा ताई हळूच म्हणाल्या, "ती आज तुमच्यासाठी गेली होती, विनय. पुन्हा जावं लागणार नाही एवढं बघा."

त्याच संध्याकाळी मी आबांना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तिथं डबा न्यावा लागतो का तिला?"

इराने बारावी पुरी केली. आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काही सकाळी अजूनही अवघड जातात. ताईंचे आभार मानायचे राहिले. निकालाच्या दिवशी मनात वाक्यं जुळवून गेलो होतो, पण त्या दुसऱ्या कुठल्या पालकांशी फोनवर होत्या. लांबूनच हात हलवला त्यांनी. अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील म्हटलं गेलं, तेव्हा त्यांची आजी-माजी मुलं हात जोडून उभी होती. त्यांतल्या कुणालाच शब्द येत नव्हते.

गेल्या आठवड्यात ताईंचं एक पुस्तक परत द्यायला इरा आणि मी तिथे गेलो. जिन्यात हेअर कलरचा तोच वास. वर्ग नुकताच सुरू होत होता. किलकिल्या दाराबाहेर, कॉरिडॉरमध्ये, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर हुडी घातलेली एक मुलगी मान खाली घालून बसली होती. तिला कुणी शिक्षा केली असावी, असं मला वाटलं. इराने मला बाजूला ओढलं.

"पहिले दोन आठवडे मी तिथेच बसायचे, बाबा. आत जाताच यायचं नाही. तरीही सुनीता मला प्रेझेंट मांडायची."

मला हे माहीतच नव्हतं. रोज फोन करून ताई एवढंच सांगायच्या, आज इरा वर्गात होती.

आत नवे शिक्षक हजेरी घेत होते. एक नाव घेतलं आणि ते थांबले. पुढचं नाव त्यांनी घेतलं नाही. मग दाराबाहेरच्या खुर्चीवरून, अगदी बारीक आवाजात, "हिअर."