लंकाकाकूंची सुई

द्वारका चौकात माझी ऑम्लेट-पावची गाडी आहे. शेजारीच रविराजचा द्राक्षबियांच्या पावडरीचा स्टॉल. मेला गोड बोलून गिऱ्हाईक गुंडाळतो! फलकावर त्याच्या आईचा, लंकाकाकूंचा, हसरा फोटो लावलाय: 'मोतीबिंदू गेला, ऑपरेशनशिवाय!'

गेला कसला! काकूंना समोरचा माणूस नुसता धुरकट दिसतो. पण येवल्यात उभा जन्म पैठणी विणण्यात गेला, बोटं अजून तयार आहेत. रविराज रोज लोकांसमोर सुई देतो, काकू चाचपून दोरा ओवतात, आणि डबे खपतात.

मीच त्यांना डोळ्यांच्या शिबिराला नेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "द्राक्षाच्या बियांत अँटिऑक्सिडंट असतात, हे खरं आहे. प्रयोगशाळेत ते प्रथिनांना खराब होण्यापासून वाचवतात. पण डोळ्याच्या भिंगातलं प्रथिन एकदा पांढुरकं झालं की पावडरीनं परत नितळ होत नाही. ऑपरेशनच करावं लागेल. सहीला घरचं माणूस आणा."

मला लगेच पटलं. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं झालेलं मी तरी कधी पाहिलं नाही.

रविराज मात्र आईवर उखडला. "ऑपरेशन केलंस तर या फलकाचं काय करू? धंदा बुडवायचाय माझा?" घरचं माणूस म्हणजे तोच एकटा. काकूंना साधा रस्ता ओलांडता येत नाही, जाणार कुठे बिचाऱ्या? बसतात रोज खुर्चीत.

काल एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आली. "हिचं परवा मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. रद्द करू का हो?"

रविराजनं सुई पुढे केली. काकूंनी दोरा ओवला आणि एकदम म्हणाल्या, "मला काय बी दिसत नाय, बाई. हा निस्ता हाताचा सराव हाय. ऑपरेशन करून घ्या."

शाब्बास काकू! माझा जीव भांड्यात पडला.

ती बाई खळखळून हसली. "काय आजी, थट्टा करताय! आत्ता माझ्या डोळ्यांदेखत ओवलात की!"

"अहो, खरं सांगताहेत त्या!" मी गाडीवरून ओरडले.

"शेजारी आहेत, जळतात," रविराज म्हणाला.

बाईनं दोन डबे घेतले आणि तिथूनच दवाखान्यात फोन लावला, आम्ही येत नाही म्हणून. माझा नुसता संताप संताप झाला. काकूंच्या हातात सुई तशीच होती.

"प्रतिभा," त्या हळूच म्हणाल्या, "तिची आई कुठल्या बाजूला उभी होती गं? मी तिच्याकडंच बघून सांगितलं ना?"