कंडक्टरबाईंची पुढची सीट

नवऱ्याच्या डोक्याला मागून टक्कल कधी पडायला लागलं, हे जगातल्या कुठल्याही बायकोपेक्षा कंडक्टरबाईंना जास्त नेमकं ठाऊक होतं. आधी बटणाएवढं, मग बशीएवढं आणि निवृत्तीच्या सुमाराला थेट ताटाएवढं. साहेब पुढे बसून बस चालवायचे, बाई मागे उभ्या राहून तिकिटं फाडायच्या. नोकरीची बहुतेक वर्षं दोघं एकाच गाडीवर. एवढ्या वर्षांत बाईंनी शहरातला एकही रस्ता समोरून बघितला नव्हता. जो काही बघितला तो बाजूच्या काचेतून, आणि तोही लोकांच्या बगलांखालून.

त्यामुळे मोटरहोम भाड्याने घेऊन चार दिवस समुद्रकिनारा आणि डोंगर फिरून यायचं ठरलं, तेव्हा बाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "कुठेही न्या. खड्ड्यात घातलंत तरी चालेल. पण पुढची सीट माझी. खड्डा मला समोरून बघायचाय."

साहेब 'हं' म्हणाले. डेपोत त्यांना सगळे 'मुकेसाहेब' म्हणायचे ते उगाच नाही. लग्नाचं विचारलं तेदेखील आतल्या आरशातून. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली होती, बाई मागे सुटे पैसे मोजत होत्या आणि साहेब मान न वळवता आरशात बघून म्हणाले, "माझ्याच गाडीवर राहणार का कायमच्या?" बाईंना वाटलं ड्युटीबद्दल बोलतायत. त्या म्हणाल्या, "डेपोच्या साहेबांना अर्ज करावा लागेल." अर्ज कुणाला करायचा हे कळायला मग आठवडा गेला.

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे घंटा. मागून दोरी ओढून दोनदा टण टण वाजवल्याशिवाय ते गाडी इंचभर हलवत नसत. नोकरीच्या सुरुवातीला एकदा घाईत घंटेआधी हलवली होती, तर एक आजीबाई गाडीत आणि त्यांची चप्पल रस्त्यावर राहिली. आजीबाईंनी पुढच्या थांब्यापर्यंत त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. साहेब संध्याकाळी नवीन चप्पल घेऊन आजीबाईंच्या घरी गेले, तिथे उरलेल्या पिढ्या ऐकून आले, आणि त्यानंतर देव जरी मागच्या दारात उभा राहून "चल रे" म्हणाला असता, तरी त्यालाही त्यांनी आधी घंटा वाजवायला लावली असती.

आता जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर साहेबांचा चष्मा, तिसऱ्यावर नात चिंगीची कोपरं. चौथा कोपरा सारखा गुंडाळला जात होता आणि नेमके डोंगर तिथेच होते.

"आधी किनारा," साहेब म्हणाले. "पाण्याची टाकी भरलेली असते तोवर सपाटीवर फिरायचं. टाकी रिकामी झाली की घाट चढायचा. गाडीला दम लागत नाही."

"आणि समुद्र कुठल्या बाजूला येतो?"

साहेबांनी बोटाने रस्ता धरला. "माझ्या."

"मग आधी डोंगर," बाई म्हणाल्या. "उलटं फिरायचं. समुद्र माझ्या खिडकीत आला पाहिजे. तुम्ही रस्ता बघणार, तुम्हाला समुद्र कशाला? वाया जाईल."

"घाटात दम लागेल गाडीला."

"लागू दे. मला नाही का लागला तीस वर्षं?"

ह्यावर मुकेसाहेब मुके झाले आणि डोंगर आधी ठरले. मुक्काम ठरवताना मात्र साहेबांची जुनी खोड उफाळून आली. दर दहा-पंधरा मैलांवर ते बोट ठेवत आणि म्हणत, "इथे थांबा."

"का? इथे कोण चढणारे?" बाई विचारत. "कोण उतरणारे?"

"थांबा लागतो."

"अहो, ह्या गाडीत संडास आहे, शेगडी आहे, पलंग आहे. थांब्यावर जे जे करतात ते सगळं आत आहे. थांबायचंच असेल तर घरीच थांबू या की!"

चिंगी म्हणाली, "आजी, गाडीतल्या संडासातलं जातं कुठे?"

"आजोबा रोज सकाळी टाकी ओतून येणार," बाई म्हणाल्या. "ड्रायव्हरचं काम आहे ते. कंडक्टरचं काम तिकिटांचं."

चिंगीला हा प्रवास जगातला सर्वांत मोठा प्रवास वाटू लागला.

वाटत नव्हता तो तिच्या आईला. बाईंची ही लेक विमा कंपनीत होती. दिवसभर टेबलाशी बसून माणसं कशी कशी पडली, आपटली, बुडाली आणि भाजली ते वाचायचं, हे तिचं काम. जावई जहाजावर. समुद्र म्हटला की तो म्हणे, "ऑफिस बघायला कशाला जाता?" त्यामुळे घरातली सगळी काळजी करण्याचं कंत्राट एकट्या लेकीकडे आलं होतं आणि ती ते चोख पार पाडत होती. लहानपणी शाळा सुटली की ती आईबाबांच्या बसच्या शेवटच्या सीटवर बसून गृहपाठ करायची. तेव्हासुद्धा आग लागल्यास फोडायच्या काचेच्या शेजारीच बसायची.

"तुम्ही दोघं जा," ती म्हणाली. "चिंगी येणार नाही. आणि खरं सांगायचं तर तुम्हीही जाऊ नये."

का, ते तिघांनाही ठाऊक होतं. निवृत्तीनंतर एकदा साहेब लेकीची गाडी घेऊन तिच्याबरोबर चिंगीला शाळेत सोडायला गेले होते. जाताना उत्तम चालवली. शाळेपाशी लेक उतरली, चिंगीला फाटकातून आत पाठवलं, परत येऊन पुढे बसली, म्हणाली, "चला बाबा." आणि बाबा बसलेले. इंजिन चालू, हात चाकावर, नजर समोर. हलेनात. "बाबा?" नाही. "बाबा, चला ना!" नाही. मागे खोळंबलेल्या एका गाडीने वैतागून दोनदा हॉर्न दिला तेव्हा कुठे भानावर आल्यासारखे निघाले.

लेकीने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आजचा वार विचारला, तो बरोबर आला. शंभरातून सात सात वजा करायला लावले, तेही बरोबर आले. एक गणित तर डॉक्टरांचंच चुकलं. डोकं ठणठणीत आहे असा निकाल लागला. पण साहेबांनी घरी येऊन गाडीची किल्ली लेकीच्या हातात ठेवली. त्या रात्री बाईंना म्हणाले, "पाय उचलेना गं. का ते मलाच कळलं नाही." त्यानंतर त्यांनी कुठल्याच चाकाला हात लावला नव्हता. बाजारात जाताना रस्ता ओलांडायचा तरी बाईंचा दंड धरत. बाई वरून म्हणायच्या, "आता सुचतंय का हात धरायला?" पण आतून त्यांना नवऱ्याचं असं लहान होणं बघवत नव्हतं. पुढच्या सीटचा एवढा हट्ट होता तो त्यासाठीच. बाईंनी पुढे बसायचं ठरवलं की शेजारी कुणीतरी चालवायला बसावंच लागणार होतं.

"एक फेरी मारून दाखवतो," साहेब एकदम म्हणाले. "तुझ्यासमोर. नीट झाली तर चिंगी येईल."

"आणि नाही झाली तर?"

साहेबांनी नकाशाची घडी घातली. उलटी पडली. "नाही झाली तर पुन्हा विषय काढणार नाही. आयुष्यात."

रविवारी सकाळी गाडीवाल्याने मोटरहोम गल्लीत आणून उभं केलं. गाडी पांढरी, फुगीर आणि थोडी कण्हणारी होती, बाई म्हणाल्या, "आमच्या सासूबाई." गाडीवाला दमलेला, गोड बोलणारा माणूस होता. शेगडी कशी पेटते, पलंग कसा उघडतो, टाकी कुठे ओततात, हे त्याने दाखवलं. टाकीपाशी चिंगीने बरेच प्रश्न विचारले. मग तो फाटकाला टेकून उभा राहिला.

लेक आणि चिंगी मागे टेबलाशी बसल्या. लेकीने बसल्या बसल्या बाहेर पडायची खिडकी कुठे ते बघून घेतलं. साहेब चाकामागे बसले. आणि बाई आयुष्यात पहिल्यांदा पुढे, नवऱ्याच्या शेजारी बसल्या. समोर केवढी मोठी काच! गल्ली कशी सरळ अंगावर येत होती. कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान, त्यावर वाळत घातलेला सदरा, रस्त्याच्या मधोमध पसरलेलं कुत्रं. हे सगळं रोज ह्या माणसाला फुकट दिसत होतं आणि कधी बोलला नाही!

साहेबांनी इंजिन चालू केलं. आरसे बघितले. हात चाकावर ठेवले.

आणि बसून राहिले.

कुत्रं उठलं, बाजूला झालं, गाडी हलत नाही बघून परत येऊन आडवं झालं. गाडीवाल्याने हाताची घडी सोडून पुन्हा घातली.

"बाबा?" मागून लेकीचा आवाज आला. शाळेपाशी आला होता तसाच.

"अहो," बाई हळूच म्हणाल्या. "चला."

"थांब," साहेब म्हणाले. कपाळावर घाम आला होता. "पाय... थांब जरा."

"आई, राहू दे," लेक म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "बाबा, उतरा तुम्ही. काही हरकत नाही. खरंच."

साहेबांचा हात किल्लीकडे निघाला. ती किल्ली एकदा बंद झाली असती तर पुन्हा फिरली नसती, हे बाईंना कळलं. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. गाडी चालवताना हा चेहरा कसा दिसतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या वाट्याला आलं होतं ते ताट. आणि तेव्हा त्यांना दिसलं की साहेबांची मान जराशी तिरकी आहे, कान मागे लागलाय, आणि नजर रस्त्यावर नाहीच. ती वर, आतल्या आरशात आहे. आरशात मागचं दार दिसत होतं, आणि दारापाशी, जिथे कंडक्टरने उभं राहायचं, तिथे कुणीच नव्हतं.

"अगं बाई," बाई म्हणाल्या. "हा माणूस मला शोधतोय."

त्या उठल्या. पट्टा अडकला, त्याला एक शिवी हासडून त्यांनी तो सोडवला, दोन सीटांच्या मधून अंग चोरून मागे गेल्या. शेगडीवरची स्टीलची किटली उचलली, डाव घेतला आणि दाराशी उभं राहून वाजवला.

टण टण.

गाडी निघाली.

किती अलगद निघाली! टेबलावरचा चिंगीचा पेलासुद्धा हलला नाही. कुत्र्याने जीव घेऊन धूम ठोकली. कोपऱ्यावर साहेबांनी असं वळण घेतलं की इस्त्रीवाला हातातलं काम सोडून बघत राहिला.

"हे काय?" लेक म्हणाली. "आई, हे काय होतं?"

"काय होतं म्हणजे? घंटा नव्हती!" बाई एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होत्या. "अगं, त्यांना काही झालेलं नाही. तुझ्या त्या गाडीचं मागचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही ना? घरून निघताना चिंगीचं दार तू दोनदा आपटलंस, निघाले. शाळेपाशी तू पुढे बसलीस, एकदाच दार लावलंस, बसून राहिले! मागच्याने दोन हॉर्न दिले, निघाले. आणि आपण ह्या माणसाला डॉक्टरकडे नेऊन वजाबाक्या करायला लावल्या!"

 आरशात साहेबांचे कान लाल झालेले दिसले. ते म्हणाले, "मला सांगायचं ना आधी."

"मला काय स्वप्न पडलं होतं? आणि तुम्हाला स्वतःला कळायला नको?"

"कानाला कळत होतं," साहेब म्हणाले. "डोक्याला नाही."

तळ्याला वळसा घालून, चढ चढून, उतरून गाडी परत यायच्या वाटेला लागली. चिंगीने मधे एकदा संडासात जाऊन येऊन तो चालत्या गाडीतही चालतो असं कळवलं. एका पेट्रोलपंपावर साहेब थांबले. बाई किटली घेऊन दाराशीच उभ्या होत्या. त्यांना दिसत होतं ते बाजूच्या काचेतून आणि पुढे ते ओळखीचं ताट. त्या मनात म्हणाल्या, झालं. डोंगर इथूनच बघायचे, समुद्र इथूनच. पण चालवतोय ना. जाऊ दे. सीट मेली काय, कुणाचीही असते.

त्यांनी डाव उचलला तेवढ्यात लेकीने मनगट धरलं.

"दे इकडे."

"तुला कशाला?"

"तू पुढे जा. मी वाजवते." लेकीने किटली ओढून घेतली. "मला येते. शेवटच्या सीटवरून वर्षानुवर्षं ऐकलीये."

"अगं, आज वाजवशील. चार दिवस कोण वाजवणार? तू तर येणार नाहीस."

"चिंगी जाणार, बाबा चालवणार, आणि घंटा तुझ्या हातात देऊन मी घरी बसू? तू पुढे बघत बसशील, मागे दार उघडं राहील, पोरगी घाटात उतरून जाईल, कुणाला पत्ता नाही!" ती म्हणाली. "मी येतेय. रजा टाकते उद्या."

बाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर लेकीने विचार बदलला असता. त्या मुकाट्याने पुढे जाऊन बसल्या. साहेबांनी समोर बघतच विचारलं, "समुद्र तुझ्या बाजूला ठेवू ना?"

"ठरलंय ते. गप चालवा."

मागे लेकीने दार तपासलं. खिडकी तपासली. चिंगीचा पट्टा दोनदा ओढून बघितला. शेगडीचा वास घेतला. गाडीखाली वाकून आली. पंपावरचा माणूस येऊन "काही हरवलंय का" विचारून गेला. साहेब आरशात बघत शांत बसले होते. मग एकदाची लेक दाराशी उभी राहिली, आणि तिने घंटा दिली.

टण टण.

गाडी निघाली. पंपाचं फाटक ओलांडून पुढची चाकं रस्त्याला लागली, बाईंनी पाय लांब केले, समोरच्या काचेत सगळा रस्ता घेतला, आणि मागून वाजलं,

टण.

एकच. म्हणजे थांबा. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"आई!" लेक ओरडली. "पट्टा लावलास का तू?"

"अहो," बाई पट्टा शोधत म्हणाल्या, "तुमचे ते दर दहा मैलांचे थांबे नकाशावर परत टाका. लागणार आहेत."